गोठ्यातली लेथ

माझा नवरा एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? देवदर्शनाला जातात, पारावर बसतात, नाहीतर घरात बसून भाजीत मीठ कमी का म्हणून बायकोच्या डोक्याशी लागतात. आमच्या ह्यांनी लोखंड-पितळ कातायची लेथ मशीन आणली. मी विचारलं, "काऊन?" तर म्हणे, "लहानपनापासून मनात होतं." अहो, लहानपणापासून मनात होतं तर लग्नाआधी सांगायचं ना! मी बोहल्यावरून उठून घरी गेले असते.

गमतीनं नाही सांगत मी. मी हिंगणघाटची. माझे बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मी चौथीत होते तेव्हा त्यांचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, कोपरापासून. दवाखान्यातून घरी आले तेव्हा आईनं सदऱ्याची रिकामी बाही दुमडून तिला पिन लावली होती. पुढं बाबांच्या पायजम्याची नाडी आई बांधायची, आणि आई निंदणाला गेली की मी बांधायची. बाबा तेवढा वेळ आढ्याकडे पाहत राहायचे. तेव्हापासून फिरत्या चाकाजवळ मी जात नाही. गावातल्या पिठाच्या चक्कीवरसुद्धा मी डबा दारातच ठेवते आणि लांब उभी राहते. बाया हसतात, हसू दे.

आमचं गाव जामच्या चौकातून आत. बैल विकले त्याला बरेच दिवस झाले, गोठा रिकामाच होता. ह्यांनी तो झाडून घेतला, खाली कोबा केला, भिंतीला चुना मारला. अँगलचं टेबल वेल्डिंगवाल्याकडून करून आणलं आणि जमिनीत गाडून पक्कं केलं. हिंगणघाटला एकाचं दुकान बंद होत होतं, त्याच्याकडून जुनी ड्रिल मशीन आणि वस्तू आवळून धरायचा एक शिकंजा आणला. ग्राइंडर नवीन घेतला. आणि लेथ ट्रान्सपोर्टनं जामला आली, लाकडी खोक्यात. चौघांनी टेम्पोतून उतरवली. मला वाटलं होतं मोठं धूड असेल. उघडून पाहिलं तर लहान वासराएवढी. वासुदेवराव शेजारून पाहायला आले आणि म्हणाले, "रूपराव, हे मोठी केव्हा होईन गा?" सगळे हसले, हेही हसले. मला हसू आलं नाही. त्या मशीनच्या तोंडाशी लोखंडाचा गोल जबडा होता, तीन दातांचा. त्यात वस्तू पकडायची आणि ती गरागरा फिरवायची. मी तेवढंच पाहत होते.

शिकले कुठं म्हणाल, तर मोबाइलवर. कोणीतरी हिंदीत शिकवत असायचं आणि हे वहीत काही न लिहिता नुसते मान हलवत असायचे, तिकीट फाडताना हलवायचे तशीच. पहिल्यांदा अॅल्युमिनियमचा तुकडा लावला तर तो उडून पत्र्याला लागला. मी देव आठवले. मग हळूहळू जमायला लागलं. माझ्या कढईच्या झाकणाला पितळेची मूठ करून दिली. चांगली झाली होती, पण मी तोंडावर तसं म्हटलं नाही, नाहीतर आणखी चेव यायचा. त्यांना एक छोटं इंजिन करायचं होतं, बोटभर लांबीचं, फुंकर मारली की चालणारं. कशाला हवं ते? कशालाच नाही. "चाललं का आनंद होईन," एवढंच म्हणायचे. जन्मभर बसमध्ये उभं राहून घंटी ओढली त्या माणसानं. कधी काही मागितलं नाही. म्हणून मीही फार ताणलं नाही.

पण कायदे केले मी. अर्ध्या बाहीचाच शर्ट. दुपट्टा बाहेर खुंटीला. लग्नातली अंगठी साबण लावून काढून घेतली आणि डब्यात ठेवली. मशीन चालू असताना मी गोठ्याच्या दारात तांदूळ निवडत बसायची, खडे दिसायचे नाहीत तरी. डोळे सगळे त्यांच्या मनगटावर. हे म्हणायचे, "कोकिळा, तू अशी पाहून राह्यली का मायाच हात थरथरते." मी म्हणायची, "थरथरू दे."

मग राखी पौर्णिमा आली, आणि मंदाबाई आल्या.

मंदाबाई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दिल्या घरी हिंगणीला, बोर धरणाजवळ. आईमागं भावांना त्यांनीच वाढवलं. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि शब्द एकदा पडला की पडला. आमच्या सासरची एक रीत आहे. राखी बांधली की ती पोळ्यापर्यंत हातावरून काढायची नाही. पोळ्याला सोडायची आणि बैलाच्या शिंगाला बांधायची. आमचे बैल गेल्यापासून आम्ही लखनच्या बैलाला बांधतो. लखन आमच्या मागच्या आळीला राहतो, जातीनं गोंड, त्याची जोडी गावात नावाजलेली.

मंदाबाईंची राखी कशी असते सांगू? नायलॉनचा जाड गोफ, वर मोठं फूल, खाली लोंबणारा गोंडा, आणि गाठी अशा की हत्तीला सुटायच्या नाहीत. ती राखी ह्यांच्या उजव्या मनगटावर बसलेली पाहिली आणि मला तो तीन दातांचा जबडा आठवला.

मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. म्हटलं, "बाई, त्या मशीनले राखी-बिखी नाई समजत. दोरा लागला का हात वढून घेते. उद्याच काढू द्या."

"पोळ्यालेच सुटन ते," मंदाबाई म्हणाल्या.

"मायी बात तं आयका..."

"घनश्यामनं काढली होती, कोकिळा. त्याचं काय झालं ते तुले मालूम हाय."

माहीत होतंच. घनश्याम म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. मी या घरात यायच्या आधीचं सगळं. पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला नाल्यावर गेला, वरून पूर आला, आणि तो गेला. बाहेर काढला तेव्हा हातात राखी नव्हती. पोरगा, खाज आली म्हणून काढून टाकली असेल. तेव्हापासून मंदाबाईंनी ही रीत अशी धरली की काही विचारू नका. हे एसटीत असताना वरचे साहेब ओरडले तरी त्यांची राखी पोळ्यापर्यंत हातावर असायची.

आता मी काय बोलणार? त्यांना एका गोष्टीचं भेव, मला दुसऱ्या गोष्टीचं, आणि दोन्ही भेव एकाच मनगटावर येऊन बसलेले. शेवटी मी ह्यांनाच धरलं. म्हटलं, राखी आहे तोवर मशीन बंद. हे लगेच हो म्हणाले. एवढ्या लवकर हो म्हणाले तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी गोठ्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसरी किल्ली कुठं असते ते घरात त्यांनाच माहीत होतं.

ते दिवस मी चांगली झोपले, हे खरं आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलांना आवतण द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. त्या दिवशी दुपारी मंदाबाई पोळ्यासाठी येणार होत्या. मी त्यांना आणायला फाट्यावर गेले. बसमधून उतरल्या, पिशवी माझ्याकडे दिली, आणि पहिलं काय विचारलं? "हातात हाय ना?" मी म्हटलं, "हाय." बोलत बोलत आम्ही गल्लीत शिरलो.

आणि मला आवाज आला.

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. आधी घूं, आणि मग पातळ, एकसारखा. पिशवी माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही. मी धावले. मंदाबाई मागून ओरडल्या, "काय झालं वं?" पण मी थांबले नाही.

गोठ्याचं दार उघडं. आत लखन उभा, हातात बैलाच्या शिंगाची पितळी टोपी. शेंबी म्हणतात तिला, पोळ्याला शिंगाच्या टोकावर चढवतात. तिच्या जोडीची दुसरी लेथच्या जबड्यात फिरत होती. तिचा काठ फाटून बैलाचं शिंग कापत होता, म्हणून लखन ती नीट करायला घेऊन आला होता, आणि उद्या पोळा. ह्यांना नाही म्हणवलं नसेल. काठ कातून झाला होता आणि आता पॉलिश पेपर धरून हे तो गुळगुळीत करत होते.

आणि त्यांच्या उजव्या हातात हातमोजा होता.

ग्राइंडरसोबत आलेला, सुती, ढगळ. राखीचा गोंडा लोंबतो, मशीनमध्ये जाईल, म्हणून ह्यांनी राखीवर हातमोजा चढवला होता! राखी झाकली म्हणजे झालं! अरे देवा, दोऱ्याचं भेव वाटलं म्हणून अख्खं फडकं घेऊन गेला हा माणूस त्या जबड्याजवळ. बोटांची रिकामी टोकं त्या फिरत्या दातांच्या अगदी बाजूला हलत होती.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण ओरडले तर हे दचकतील, मान वळवतील आणि हात हलेल. तेवढंसुद्धा पुरे होतं. मी तोंडावर पदर दाबला. मशीनचं बटण त्यांच्या पलीकडे, तिथं जायचं तर त्यांच्या अंगावरून जावं लागणार. मी मागच्या मागे वळले. ओसरीत भिंतीवर मेन स्विच आहे. गोठा ते ओसरी, एवढंसं अंगण आमचं, पण त्या दिवशी संपता संपेना. मी दांडा धरला आणि खाली ओढला.

त्याच वेळी हे ओरडले.

मशीन थांबली हे मला कळलं. पण त्यांच्या ओरडण्याआधी थांबली का नंतर, ते मला आजही सांगता येत नाही. मला माझे बाबा दिसले. पिन लावलेली बाही दिसली. धावत आत जावं असं सगळं अंग म्हणत होतं, आणि तेवढ्यात आतून लखन ओरडला, "वयनी, लाइन नोका टाकू! हात अटकला हाय!"

मग मी तिथून हलले नाही. मशीनचं बटण अजून चालूच होतं. मेन वर गेला असता तर जबडा पुन्हा फिरला असता. मी दांडा दोन्ही हातांनी खाली दाबून धरला आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. माझा नवरा चार पावलांवर कण्हत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. असं भेव मला कधी वाटलं नव्हतं.

आरडाओरडा ऐकून माणसं आली. गोठ्यात अंधार. वासुदेवराव म्हणाले, "अरे, दिसून नाई राह्यलं, मेन टाका कोनी!" आणि स्वतःच ओसरीवर चढले. मी म्हटलं, "हात लावाल तं तुमचा हात तोडीन मी." त्यांच्या पुढ्यात एरवी माझा पदर डोक्यावरून ढळत नाही. ते मागं सरकले. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली.

मान वळवली की तिथून मला गोठ्याचं अर्धं दार दिसत होतं. हातमोज्याचं बोट जबड्यात गुंडाळलं होतं आणि बाकीचा हातमोजा पिळून मनगटापर्यंत आला होता, धुणं पिळतात तसा. लखननं जबडा हातानं उलटा फिरवून पाहिला, जरा फिरला, ह्यांनी आई गं केलं, म्हणून तो थांबला. मग त्यानं पातं घेऊन हातमोजा कापला. वरून कापत कापत मनगटापर्यंत आला. आणि तिथं त्याचा हात थांबला.

खाली राखी होती. गोफ त्या पिळात ओढला गेला होता आणि मनगटात रुतला होता. पंजा जांभळा पडत होता.

"वयनी," लखननं आतूनच विचारलं, "राखी कापू का? उद्या पोळा हाय..."

"काप!" मी म्हटलं.

"नोको," हे म्हणाले. आवाज कसाबसा निघत होता, पण म्हणाले. "नोको कापू, लखन. ताई..."

ऐकलंत? हात जांभळा पडत होता आणि हा माणूस राखीचं म्हणत होता! मी ओरडले, "काप म्हनते ना मी!" लखन एकदा माझ्याकडे पाहायचा, एकदा ह्यांच्याकडे. पातं आत शिरायलाही जागा नव्हती. कातडी आणि दोरा एक झाला होता.

तेवढ्यात मंदाबाई दारातून आत गेल्या. त्यांना अंगणात उभं असलेलं मी विसरूनच गेले होते. लखनला बाजूला केलं, मशीनपाशी खाली बसल्या आणि ह्यांच्या मनगटावर वाकल्या. मला वाटलं, रडायला वाकल्या, किंवा हाताचा मुका घ्यायला. लखन म्हणाला, "बाई!" मग मला समजलं, की दातानं दोरा तोडताहेत. एकदा नाही तुटला. बाईंचे समोरचेच दात राहिलेत. दुसऱ्यांदा मान झटकली तेव्हा तुटला. वर झाल्या तेव्हा ओठाला रक्त होतं, त्यांचं का ह्यांचं कोण जाणे.

हात सुटला. मी तरीही मेन सोडला नाही. हे स्वतःच्या पायांनी अंगणात आलेले पाहिले, तेव्हा सोडला आणि तिथंच खाली बसले.

हिंगणघाटच्या डॉक्टरनं पाहिलं. पहिलं बोट मोडलं होतं, मधल्या बोटाची कातडी गेली होती. बाकी हात शाबूत. डॉक्टर म्हणाला, मशीन लहान होती म्हणून. मोठी असती तर कोपरापर्यंत नेला असता. मी दवाखान्याच्या बाकावर बसून इतकी रडले की नर्सनं मलाच पाणी दिलं. मंदाबाई रडल्या नाहीत. भिंतीकडे पाहत बसल्या होत्या.

पोळा उजाडला. ह्यांचा उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. मंदाबाई पहाटेच उठून त्यांच्या खाटेजवळ बसल्या होत्या, आणि त्यांचं डावं मनगट धरलं होतं. धरलं ते धरलं. चहा झाला, सोडलं नाही. हे न्हाणीत जायचे म्हणाले तर दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि आल्याबरोबर पुन्हा धरलं. हे म्हणाले, "ताई, मी काय पोट्टा हाओ का?" त्यांनी मूठ आणखी आवळली. बोटं मात्र गार होती त्यांची, मी हात लावून पाहिला.

दुपारनंतर तोरणाखाली बैल उभे राहिले. सगळं गाव तिथं. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताला बहीण, असे आमचे हे गर्दीत उभे. पोट्टे हसत होते. मला हसू येत नव्हतं, मी ह्यांच्या पाठीमागं उभी होते. बैल उधळला तर, कोणी धक्का दिला तर, असंच डोक्यात. मी आयुष्यभर मंदाबाईंच्या त्या रीतीला नावं ठेवली, आणि त्या दिवशी मीही सूर्य कुठवर आला ते पाहत होते. पोळा फुटला, बैल आपापल्या घराकडे निघाले. लखन जोडी घेऊन दारात आला, मी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. बैल गेले. दिवस मावळला. काही झालं नाही.

मी ताटं वाढली आणि म्हटलं, "बाई, झाला पोळा. आता तं सोडा."

मंदाबाईंनी मान हलवली. नाही म्हणून.

"काल तुटली, पन आजचा दिस गेला ना," मी म्हटलं. "हे बसले हायेत तुमच्यासमोर. घनश्यामभाऊजींसारखं काई झालं नाई."

"घनश्यामच्या हातात राखी होती," मंदाबाई म्हणाल्या.

मी तुपाची वाटी खाली ठेवली.

"नाल्यातून काढला तं मीच पयले पोचली. राखी होती हाताले. वली, चिकटून बसलेली. कोनी पाह्याच्या आंधी मी सोडली अन् चोयीत लपवली."

"काऊन, ताई?" ह्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"राखी असून गेला, असं सांगतलं असतं मी, तं मंग तुले काय बांधलं असतं रे? तू एकटाच राह्यला होता मले."

एवढी वर्षं या बाईला एकटीला ठाऊक होतं की त्या दोऱ्यानं काही होत नाही. तरी बांधत होत्या, गाठी मारत होत्या, पोळ्यापर्यंत जीव मुठीत धरून बसत होत्या. माझ्या भेवाला निदान एक मशीन होती, बंद करायला मेन होता. मला त्यांची दया आली आणि त्यांचं भेवही वाटलं, दोन्ही एकदम. ह्यांनी हात ओढून घेतला नाही. तसेच बसून राहिले.

पोळ्या गार होत होत्या. ह्यांचा एक हात गळ्यात, दुसरा बहिणीच्या मुठीत. मंदाबाईंचा उजवा हात त्याच मनगटावर. मी दोघांच्या मध्ये पाट घेतला, पोळी तुपात बुडवली आणि पहिला घास मंदाबाईंना भरवला, दुसरा ह्यांना.